पणजीच्या आईचं माहेर: वंशावळ संमेलनाच्या तयारीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी रूट्सटेकबद्दल थोडं लिहिलं होतं, म्हणजे अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला दरवर्षी वंशावळ शोधणाऱ्यांचं जे मोठं संमेलन भरतं ते, आणि त्यातच आपल्याकडच्या कुलसंमेलनांचाही विषय निघाला होता. त्यावर बरीच पत्रं आली, जास्त करून ठाणे आणि नवी मुंबईची. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही म्हणून सहा पत्रं घेतलीयेत.

प्रश्न: ताई, माझी मुलगी अमेरिकेत असते, मी मार्चमध्ये तिच्याकडे जातेय आणि तिने माझं रूट्सटेकचं तीन दिवसांचं तिकीट काढून ठेवलंय. गेली सहा वर्षं मी माहेर आणि सासर दोन्हीकडची वंशावळ जमवतेय, चारशेच्या आसपास नावं झालीत, दोन फायली गच्च भरल्यात. तिकडे म्हणे हजारो लोक येतात आणि एकाच वेळी कितीतरी लेक्चर्स चालू असतात. मी काय काय घेऊन जाऊ? आपल्या लोकांच्या कामाचं तिथे काही असतं का? इंग्रजी समजतं पण बोलताना अडखळायला होतं. (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: आधी मनापासून अभिनंदन, सहा वर्षं चिकाटीने हे करणारी माणसं फार कमी असतात. पण त्या दोन फायली ठाण्यातच राहू द्या. मूळ कागद तर अजिबात नेऊ नका, प्रवासात बॅग इकडची तिकडे झाली तर आजेसासऱ्यांच्या हातचं पत्र परत मिळणार नाही. सगळं स्कॅन करून घ्या, कागद निदान ३०० डीपीआयने आणि जुने फोटो ६०० ने, आणि त्याच दिवशी संध्याकाळी बसून फायलींना नीट नावं द्या, कोणाचं, कुठलं, कुठल्या सालचं, कारण दोन महिन्यांनी नुसत्या नंबरांवरून काही आठवत नाही.

आता खरं महत्त्वाचं. मी पहिल्यांदा संमेलनाला गेले ते आमच्याच कुळाचं होतं, तेव्हा नऊ फूट लांब वंशावळ गुंडाळून घेऊन गेले होते. दिवसभर चाळीसएक जणांना उलगडून दाखवली, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि रात्री घरी येऊन बघते तर एकही नवीन नाव मिळालेलं नाही. कसं मिळणार, मी कुणाला काही विचारलंच नव्हतं. त्या रात्री फार वाईट वाटलं, कारण त्या गर्दीत ऐंशीच्या पुढचे सातआठ जण होते आणि त्यातले तिघे पुढच्या संमेलनापर्यंत राहिले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते की मोठ्या संमेलनाला सगळी वंशावळ घेऊन जायचं नाही, एक प्रश्न घेऊन जायचं. एकच. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावेल असा, खाली आत्तापर्यंत कुठे कुठे शोधलं आणि कुठे काही मिळालं नाही हेही लिहायचं.

माझा प्रश्न कसा तयार झाला ते सांगते. आईकडे माळ्यावर एक तांब्याचा हंडा होता, काळा पडलेला, मोडीत द्यायचं चाललं होतं. मी चिंच लावून घासला तर काठाच्या खाली ठोके मारून काढलेली अक्षरं दिसायला लागली, 'वैशाख शके १८४६, मामाकडून, पेण' आणि पुढे एक आडनाव. हंडा पणजीच्या लग्नातला हे आईला माहीत होतं, बाकी काही नाही. आता शके १८४६ मध्ये ७८ मिळवले की १९२४ येतं, म्हणजे लग्नाचा उन्हाळा सापडला. आणि पणजीच्या मामाचं आडनाव म्हणजे पणजीच्या आईचं माहेरचं आडनाव की नाही! एका हंड्याने एक पिढी वर नेलं, तेही बायकांच्या बाजूने, जिथे आपल्याकडचे कागद बहुतेक वेळा गप्प असतात. पुढच्या संमेलनात मी बाकी काही न करता एवढंच विचारत फिरले की या आडनावाची पेणची माणसं कुणाच्या ओळखीत आहेत का, आणि जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, माझी आजी त्याच घरातली.

म्हणून जाण्याआधी तुमच्याकडची आणि माहेरची नाव घातलेली भांडी एकदा बाहेर काढा. जुन्या लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांच्या वेळचं रेशनकार्ड, सगळं बघा. घरात श्राद्ध-पक्ष होत असेल तर गुरुजींना सांगण्यासाठी नावं लिहिलेला एखादा कागद असतो, त्यात तीन पिढ्या पुरुषांच्या आणि तीन पिढ्या बायकांच्या मिळतात, आईच्या माहेरचीही मिळतात. फक्त लक्षात ठेवा, तिथे बायकांची नावं सासरची असतात. आणि इथेच तुम्हाला तिकडे अडचण येणार आहे, कारण फॅमिलीसर्च, जी संस्था रूट्सटेक भरवते, तिच्या ऑनलाइन ट्रीमध्ये, म्हणजे वंशवृक्षात, बाईची नोंद माहेरच्या नावाने करायची पद्धत आहे. जगभर वंशावळीच्या कामात तीच पद्धत. आणि आपल्याकडे लग्नात नाव बदललं की आडनावासकट सगळंच पुसलं जायचं, माहेरची यमू सासरची लक्ष्मी, दोन वेगळ्या कागदांवर दोन वेगळ्या बायका वाटाव्यात अशी. तुमच्या चारशे नावांत किती बायकांचं माहेर माहीत आहे ते मोजा. माझा अंदाज आहे अर्ध्यांपेक्षा कमी असेल. तुमचा प्रश्न बहुतेक तिथेच बसलेला सापडेल.

फॅमिलीसर्चवर खातं फुकट उघडता येतं, ते इथूनच करून घ्या आणि निदान चार-पाच पिढ्या भरून ठेवा. ती ट्री सगळ्यांची मिळून एकच आहे, कुणीही दुरुस्त करू शकतं, जिवंत माणसांची माहिती मात्र इतरांना दिसत नाही. संमेलनाच्या दिवसांत आलेल्या लोकांत आपलं नात्याचं कुणी आहे का हे त्या ट्रीवरूनच दाखवतात, पण आपल्या लोकांनी तिथे फारसं भरलेलंच नाही त्यामुळे एकही नाव आलं नाही तरी हिरमुसू नका. गावाचं नाव लिहिताना त्या वेळचा जिल्हा लिहा. रायगड हे नाव १९८१ मधलं, त्याआधी कुलाबा. सिंधुदुर्ग पण १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा निघाला, आणि पालघर तर अगदी आत्ता, २०१४ ला आपल्या ठाण्यातून. १९३० चा कागद 'रायगड' म्हणून शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. इंग्रजी कागदांत ठाण्याचं स्पेलिंगसुद्धा 'थाना' किंवा 'टन्ना' असं सापडतं, तेही वहीत टिपून ठेवा.

नावांना नंबर द्यायची एक सोपी पद्धत आहे, तिकडे सगळ्यांना कळते. स्वतःला १, वडील २, आई ३. कुणाच्याही वडिलांचा नंबर म्हणजे त्याच्या नंबराची दुप्पट, आईचा दुपटीहून एक जास्त. म्हणजे आईचे वडील ६, आईची आई ७, तिची आई १५. अशा सहा पिढ्या धरल्या तर तुमच्यासकट ६३ माणसं होतात. एका पानावर १ ते ६३ लिहा आणि रिकामे नंबर लाल पेनने करा. बोलताना अडखळलात तरी ते पान समोर ठेवलं की समोरच्याला दहा सेकंदांत कळतं. इंग्रजीची खरंच काळजी करू नका, तिथे जगभरातून माणसं येतात आणि हा विषयच असा आहे की आपल्या आजीबद्दल कुणी सांगायला लागलं की ऐकणारा थांबून ऐकतो.

आपल्या कामाचं काय असतं, तर महाराष्ट्रावर भरभरून असेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण एकाच नावाची दोन माणसं वेगळी कशी ओळखायची, म्हाताऱ्या माणसांना प्रश्न कसे विचारायचे, जुने फोटो कसे सांभाळायचे, डीएनएचे निकाल कसे वाचायचे, ही लेक्चर्स कुठल्याही देशाच्या माणसाला उपयोगी असतात. दिवसाला तीन ठरवा, त्याहून जास्त नको. मधला वेळ मोकळा ठेवा, खरी माणसं तिथेच भेटतात.

आणि एक गोष्ट चुकवू नका. संमेलन भरतं त्या सॉल्ट पॅलेसपासून चालत जाण्याच्या अंतरावर फॅमिलीसर्चची मोठी लायब्ररी आहे, प्रवेश फुकट. त्यांच्याकडची २४ लाखांच्या आसपास मायक्रोफिल्मची रिळं स्कॅन करून झालीत, २०२१ मध्ये ते काम संपलं, आणि त्यात हरिद्वारसारख्या ठिकाणच्या पंड्यांच्या, यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्याही आहेत. पण सगळं घरबसल्या उघडत नाही, काही नोंदी करारामुळे फक्त या लायब्ररीतल्या किंवा त्यांच्या केंद्रांतल्या कॉम्प्युटरवरच दिसतात. म्हणून आत्ताच ठाण्यात बसून शोधा, जिथे कुलूप दिसेल त्याची यादी करा, आणि संमेलनाच्या एक-दोन दिवस आधी पोचून लायब्ररीत बसा. संमेलन सुरू झालं की तिथे गर्दी होते आणि रविवारी बंद असतं.

बाकी गाव चार हजार फुटांवर आहे, हवा कोरडी, मार्चमध्ये बर्फ पडू शकतो, तेव्हा चांगला कोट, पायाला सरावलेले बूट आणि पाण्याची बाटली. विमानतळावरून गावात थेट ट्रॅम येते.

प्रश्न: तिकडे जाणं परवडणारं नाही. ऑनलाइन बघता येतं का आणि वेळेचं कसं जमवायचं? नोकरी करते, घरी लहान मुलगी आहे. (ऐरोली)

उत्तर: येतं, आणि फुकट येतं, फक्त नाव नोंदवायचं. वेळही आपल्याला चक्क सोयीची आहे. मार्चच्या सुरुवातीला तिकडचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं, म्हणजे त्यांचे सकाळचे ८ ते आपले रात्रीचे साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, मग साडेअकरा तास. मुलगी झोपली की एक लेक्चर लाइव्ह बघा आणि बाकीची नंतर बघा, बरीच रेकॉर्ड करून ठेवलेली असतात आणि मागच्या वर्षांचीही सापडतात. मात्र घरी बसून बघताना सुद्धा तो एक प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा, नाहीतर रात्री साडेअकरापर्यंत नुसतं बघतच राहायला होतं आणि सकाळी गाडी पकडायची असते.

प्रश्न: आमच्या कुळाचं संमेलन यंदा ठाण्यात आहे, साडेतीनशे माणसं येतील असं धरलंय. मी आयोजन समितीत आहे. सत्कार, गुणवंतांचा गौरव, करमणुकीचे कार्यक्रम सगळं ठरलंय. वंशावळीसाठी एक टेबल ठेवायचं म्हणतोय. तिथे काय करावं? एकाने डीएनए टेस्टचा स्टॉल ठेवायची कल्पना मांडलीये. (नौपाडा)

उत्तर: दादा, स्पष्टच लिहिते, राग मानू नका. कुलसंमेलनात वंशावळीसाठी एक टेबल आणि सत्कारासाठी तीन तास हे मला पटत नाही. जी माणसं एका छताखाली परत कधी येणार नाहीत ती त्या दिवशी तुमच्यासमोर बसलेली असतात, त्यांच्याकडून घ्यायचं ते घेऊन टाका. सत्कार तासाभरात उरकता येतात.

टेबल दाराशी नको, चहा-नाश्त्याच्या शेजारी ठेवा आणि मागची अख्खी भिंत घ्या. आत्तापर्यंतची वंशावळ मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावा, ठाण्यात फ्लेक्सवाले कमी नाहीत पण फ्लेक्सवर लिहिता येत नाही, तेव्हा साध्या कागदावरच छापा आणि दोऱ्याला बांधून पेन्सिली लटकवा. पेन नको, पेन्सिलच. चूक दिसली तर ज्याने त्याने तिथेच दुरुस्त करायची आणि शेजारी स्वतःचं नाव लिहायचं, म्हणजे नंतर फोन करून विचारता येतं. मी बघितलंय, छापील पुस्तक हातात दिलं तर लोक चाळून ठेवून देतात, पण भिंतीवर स्वतःच्या आजोबांचं नाव चुकीचं दिसलं की सत्तरीचा माणूससुद्धा काठी टेकत पुढे येतो.

छातीवर लावायच्या बिल्ल्यावर नुसतं आडनाव छापू नका, तिथे सगळ्यांचं आडनाव एकच असणार. मूळ गाव, शाखा आणि आजोबांचं नाव छापा. आणि लेकींना बोलवा! अजूनही कितीतरी ठिकाणी निमंत्रणं फक्त मुलग्यांच्या घरी जातात, लग्न झालेल्या मुलींच्या नावापुढे वंशावळीत 'वि.' लिहून रेघ थांबवलेली असते. तिचं सासर, तिची मुलं, ती रेघ पुढे न्या. त्याच वेळी घरात आलेल्या सुनांची माहेरं विचारा, आई-वडिलांच्या नावासकट. हे एवढं जरी झालं तरी तुमचं संमेलन झालं असं मी म्हणेन.

एका कोपऱ्यात, लाऊडस्पीकरपासून लांब, दोन खुर्च्या टाका आणि तिथे ऐंशीच्या पुढच्या माणसांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. जेवणाच्या आधी, नंतर त्यांना झोप येते. सुरुवातीलाच त्यांचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या, आणि रेकॉर्ड करू का हे विचारून घ्या. 'तुमच्या लहानपणीचं सांगा' असं विचारू नका, काही सुचत नाही माणसाला. 'घरात पाणी कोण भरायचं', 'गणपतीला कोण कोण यायचं आणि कुठल्या गावाहून' असं विचारा, नावं आपोआप येतात.

डीएनएचा स्टॉल मात्र नको. टेस्ट वाईट असं नाही म्हणत. पण त्यातून कधीकधी अशी नाती बाहेर येतात की ज्यांच्याबद्दल त्या घराने ठरवून मौन पाळलेलं असतं, आणि लग्नाच्या हॉलसारख्या गर्दीत, सगळे करतायत म्हणून नमुना देणं ही काही नीट विचार करून दिलेली परवानगी नाही. शिवाय आपल्याकडे दत्तक घ्यायची रीत किती जुनी आहे. बापाकडून मुलाकडे जाणारा जो भाग तपासतात तो दत्तकाशी तुटतो, आणि उद्या कुणी म्हणायला लागलं की अमुक शाखा आपली नाहीच, तर शंभर वर्षं त्याच देव्हाऱ्यापुढे बसलेल्या माणसांना काय वाटेल? दत्तक आलेला मुलगा त्याच घरचा, वंशावळीत एका खुणेने ते नोंदवावं आणि रेघ पूर्ण काढावी. आणखी एक म्हणजे चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सारखा निघतो, पण जिथे मामाच्या मुलीशी लग्न व्हायची चाल होती तिथे आकडे वाढून येतात आणि लांबचं नातं जवळचं दिसतं. ज्याला करायची त्याने घरी, वाचून, समजून करावी.

आणि छापाल तेव्हा जिवंत माणसांच्या पूर्ण जन्मतारखा आणि मोबाइल नंबर छापू नका. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख यांवर अजूनही कुठे कुठे ओळख पटवतात. साल पुरे.

प्रश्न: आम्ही इथले मूळचे, आगरी. आमच्यात छापील कुलवृत्तांत वगैरे काही नाही. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले त्या वेळी वडिलांनी वंशावळ करून दिली होती तेवढीच. आता पुतण्या म्हणतो आपणही गावकीचं संमेलन घेऊ आणि पूर्ण वंशावळ मांडू. सुरुवात कुठून करू? आजीचं माहेर उरणकडचं. (कोपरखैरणे)

उत्तर: हे पत्र वाचून फार बरं वाटलं. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० ला आली आणि ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्या जमिनींसोबत बांध, आळ्या, शेतांची नावं असं बरंच काही गेलं, आणि वंशावळ त्या नावांनाच धरून असते. १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, तेव्हा त्या वंशावळीला तुमच्या घरी मान असणारच. पण ती कशासाठी केली होती ते ध्यानात घ्या. ती वारस दाखवायला केलेली असते. लहानपणी गेलेली मुलं, लग्नाआधी वारलेली बहीण, मूल नसलेला काका, ही माणसं त्यात नसतात. ती माणसं तुम्हाला परत आणायची आहेत.

पहिले फेरफार काढा. सातबारा आजचा मालक सांगतो, फेरफार सांगतो तो मालक कसा झाला. वारस फेरफारात कोण कधी वारलं आणि मागे कोण कोण होतं ते नावानिशी असतं, आणि मुलींनी हक्क सोडल्याची नोंद असेल तर तिचं सासरचं नाव आणि गावही मिळून जातं. हक्क सोडल्याच्या त्या कागदावर बहिणीचं नाव वाचताना मन जड होतं, पण कितीतरी आत्यांचं नाव सरकारी कागदावर तेवढंच एकदा आलेलं असतं. ठाणे जिल्ह्याचे जुने अभिलेख 'आपले अभिलेख' या सरकारी वेबसाइटवर स्कॅन करून ठेवलेत, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करायचा. तिथेच गाव नमुना १४ मागा, कोतवाल बुक म्हणतात ते, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. आणि जुन्या उताऱ्यावर 'कुळ' असा शब्द आला तर घोटाळा करून घेऊ नका, तिथे कुळ म्हणजे जमीन कसणारा, कूळकायद्यातलं. घराणं नव्हे.

आजीकडचं शोधताना उरण हे कुलाबा जिल्ह्यातलं म्हणून शोधा. जुन्या नोंदी मोडीत असतील तर घाबरू नका, राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचं प्रशिक्षण देतं, पुतण्याला पाठवा, तरुण डोळे लागतात त्याला. पाटील, म्हात्रे, भोईर ही आडनावं गावोगाव आहेत तेव्हा नुसत्या आडनावावरून नातं जोडू नका, गाव आणि आळी दोन्ही जुळलं पाहिजे. सगळ्यात आधी एक करा, या आठवड्यातच. गावात एखादी धवलारीण अजून असेल तर तिच्याकडे जाऊन बसा. लग्नात ती घरच्या माणसांची नावं गुंफून गाते, कुणाच्या लग्नात कुणाचं नाव घेतलं हे तिला पाठ असतं. फेरफार रेकॉर्ड रूममध्ये पुढच्या वर्षीही असेल.

प्रश्न: आम्ही ईस्ट इंडियन ख्रिश्चन, ठाण्यातलेच. गोत्र, कुलदैवत, तीर्थाच्या वह्या यातलं आमच्याकडे काही नसतं. आम्ही अशा संमेलनात काय सांगणार? (ठाणे पश्चिम)

उत्तर: तुमच्याकडे जे आहे त्याचा बाकीच्यांना हेवा वाटेल. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, आई-वडिलांचं नाव आणि गॉडपेरेंट्सची नावं असतात, आणि गॉडपेरेंट्स बहुतेक वेळा जवळच्या नात्यातलेच. पुढे त्या मुलाचं लग्न झालं की त्याची टीपही समासात लिहायची पद्धत आहे. म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या आणि नातेवाईक. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चला तुमचं घराणं जोडलेलं असेल तर पॅरिश ऑफिसमध्ये आधी वेळ मागून जा, साधारण साल सांगा, फोटो काढायच्या आधी विचारा. ठाण्यात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, कुटुंबंही आहेत, त्यांचं सिनेगॉग १८७९ चं, आणि त्यांची कितीतरी आडनावं कोकणातल्या गावांवरून पडलेली. या गावाची वंशावळ मांडायची तर तुम्ही सगळे हवेच.

प्रश्न: माझं वय ७८. चाळीस वर्षांत एका वहीत घराण्याची सगळी माहिती उतरवली आहे, २१२ पानं झाली. मुलगा बंगळुरूला, नातवंडांना मराठी वाचता येत नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला आमचं कुलसंमेलन आहे, तिथे ही वही न्यावी का? आणि माझ्यामागे तिचं काय करावं? वहीत सगळ्यांची नावं आहेत, माझं स्वतःचं कुठे लिहिलेलं नाही, ते बरं दिसलं नसतं. (वाशी)

उत्तर: आजोबा, वही जरूर न्या, पण आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या. सोसायटीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला सांगा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एका दुपारचं काम आहे. त्याच्या तीन प्रती करा, एक मुलाकडे, एक संमेलनाच्या समितीकडे आणि एक छापून बांधून लायब्ररीत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे विचारा. नातवंडांसाठी कुणाकडून तरी ही माहिती जेडकॉम फाइलमध्ये भरून घ्या, वंशावळीची बहुतेक सगळी सॉफ्टवेअर्स ती फाइल उघडतात, त्यात मराठी नाव आणि इंग्रजी नाव दोन्ही ठेवता येतात. वेळ लागेल, पण पहिल्या पाच पिढ्या भरल्या तरी मुलांना दार उघडेल.

वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत पानं चिकटतात. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. सेलोटेप लावली असेल तर ओढून काढू नका, तशीच राहू द्या. संमेलनात वही कुणाच्या हातात देऊन तिथून उठू नका, शेजारी बसूनच दाखवा.

आणि निघायच्या आधी पहिलं पान उघडा आणि पेन्सिलीने तुमचं पूर्ण नाव, आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट, वाशीचा पत्ता आणि ही वही कुठल्या सालापासून लिहायला घेतली ते लिहा. कुठलं नाव कुणी सांगितलं तेही जिथे आठवतंय तिथे समासात टाका. पन्नास वर्षांनी वही उघडणारा माणूस सगळ्यात आधी हेच शोधणार आहे की हे लिहिलं कुणी.